सुतकातली जबानी

वकिलाच्या ऑफिसात इतकी वर्षं काढलीस म्हणजे तुला कायदा येतच असेल, असं म्हणत लोक अजून माझ्याकडे कागद घेऊन येतात. डोंबलाचा कायदा! मी टायपिस्ट होते. ‘नाही’ हे किती गोड शब्दांत टाइप करता येतं, एवढंच मी तिथे शिकले.

ऑफिस भिवंडीत, कोर्टाजवळच्या गल्लीत, एका सुताच्या दुकानावर होतं. मागे भिंतीला भिंत लावून लूमचा कारखाना. शिफ्ट चालू असली की लादी थरथरायची आणि माझा टाइपरायटर सरकत सरकत टेबलाच्या कडेला यायचा. मी तो पोटानं मागे ढकलायची आणि पुढची ओळ मारायची. खिडकी उघडी ठेवावी तर फायलींवर कापसाची लव, बंद ठेवावी तर जीव घाबरा. साहेब आणि त्यांचे भागीदार, असे दोन वकील. दोघंही फक्त विम्याच्या केसेस घ्यायचे, आणि त्याही कंपन्यांच्या बाजूनं. कारखाना जळला, ट्रक उलटला, माणूस मेला, यावर आमची चूल पेटायची. आग आणि ट्रक भागीदारांकडे. मेलेली माणसं साहेबांकडे.

साहेब आवाज चढवून बोलले असं मला आठवत नाही. पक्षकार आला की त्याला पाणी विचारायचे, मलाही ‘बाई, तुम्ही’ असंच म्हणायचे. कंपनी कुणाचे पैसे बुडवत नाही, ते खऱ्या माणसाला मिळावेत म्हणून आपण इथे बसलोय, असं त्यांचं म्हणणं होतं. तो खरा माणूस काही मला त्या ऑफिसात कधी दिसला नाही. जो यायचा तो खोटाच निघायचा.

मेलेल्या माणसांचं गणित सोपं होतं. पॉलिसी घेताना माणूस लिहून देतो, की मला कसलाही आजार नाही. दोन वर्षांच्या आत तो गेला की कंपनी चौकशी लावते. आधीपासून आजार होता आणि त्यानं तो लपवला असं ठरलं, की घरच्यांना काही नाही. या चौकशीसाठी साहेबांचा एक ठरलेला माणूस होता. आम्ही त्यांना काका म्हणायचो. पांढरा सदरा, हातात छत्री, पायांत साध्या चपला. देवळात कुणी शेजारी बसलं तर सरकून जागा द्यावी असा साळसूद चेहरा.

हे काका नेमके सुतकात जायचे. बारावं झाल्यावर जाऊन उपयोग नाही, तोवर घरातला कुणीतरी शहाणा होतो, असं ते म्हणायचे. सुतकाच्या घरी जायचं, चपला बाहेर काढायच्या, हात जोडायचे, भिंतीला टेकून खाली बसायचं आणि गप्प राहायचं. विचारायचं काहीच नाही. आपल्याकडे भेटायला आलेल्या माणसाला विचारावं लागतच नाही. घरातली बाई त्याला पहिल्यापासून सगळं सांगते. कधी दुखायला लागलं, कोणाकडे नेलं, काय खाल्लं, शेवटी काय बोलला. जो येईल त्याला सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि दर वेळी गोष्ट थोडी मागे जाते. आधी आठवड्याचं दुखणं असतं. दहाव्यापर्यंत त्याचं वर्ष झालेलं असतं. समोरचा मान हलवतो, भोगत होता बिचारा, सुटला म्हणतो, आणि सांगणारीला तेवढाच आधार वाटतो. एवढ्यासाठीच तर माणसं भेटायला जातात. काका तो आधार छत्रीसकट घेऊन आमच्या ऑफिसात यायचे आणि मी तो टाइप करायची.

सुरुवातीला मला यात काही खटकत नसे. नवी नोकरी होती, घरात तेवढा एकच पगार नियमित यायचा. खटकायला लागलं ते आमच्या गल्लीतला दादा गेला तेव्हा.

आम्ही भिवंडीतच, कामतघरला राहायचो. दादा समोरच्या लूम कारखान्यात मुकादम होता. मूळचे जवळच्या राहनाळ गावचे. कारखान्याच्या अंगाला मालकानं त्याला खोली दिली होती, तिथे तो, त्याची म्हातारी आई, बायको आणि त्यांची लहान मुलगी. दादा म्हणजे असा गडी की सुतानं भरलेला बीम खांद्यावर घेऊन जिना चढायचा आणि वर जाऊन शिट्टी मारायचा. गावच्या कबड्डीच्या संघात होता. चढाईला निघाला की पोरं ओरडायची थांबायची. मुलगी झाली तेव्हा, आपल्या माघारी हिचं काय, म्हणून त्यानं विमा उतरवला आणि अख्ख्या गल्लीला पेढे दिले. पेढे मुलीचे की पॉलिसीचे, यावरून आम्ही त्याची थट्टा केली होती.

वर्षभरानं त्याला कावीळ झाली. पहिले दिवस गावठी औषधात गेले, पथ्यात गेले. हॉस्पिटलात नेलं तोवर डोळे हळदीसारखे झाले होते. आठवड्याच्या आत माणूस संपला. माझ्या आईनं जेवणाचं ताट तसंच ठेवलं आणि ती तिकडे धावली, मी तिच्या मागे.

सुतकात मी रोज ऑफिसातून आले की तिथे जाऊन बसायची. वहिनी, म्हणजे दादाची बायको, माझ्याच वयाची. भिंतीकडे तोंड करून बसलेली असायची. राहनाळहून दादाच्या दोघी आत्या येऊन राहिल्या होत्या. तरणाताठा माणूस आठवड्यात जातो म्हणजे त्याला काहीतरी कारण पाहिजे ना, आणि कारण तर समोरच बसलेलं. लग्नाआधी कसा होता पोरगा, आणि लग्न झालं न झालं तोच... एवढं बोलून थोरली आत्या थांबायची. धाकटी उसासा टाकायची आणि मग दोघी मिळून वहिनीच्या पायांकडे बघायच्या. पांढऱ्या पायाची हा शब्द त्या उच्चारत नव्हत्या. काय गरज होती? वहिनीनं पाय पदराखाली ओढून घेतले तेव्हाच तो बोलून झाला होता. मला असा संताप आला होता की उठून दोघींना बाहेर काढावं.

ते काम आजीनं, म्हणजे दादाच्या आईनं केलं, तिच्या पद्धतीनं. भेटायला आलेल्या बायकांना ती मोठ्यानं सांगायला लागली, की माझा पोर आधीपासूनच कमजोर होता. लग्नाआधीपासून त्याच्या पोटात दुखायचं, काळीज, म्हणजे लिव्हर, खराब आहे असं डॉक्टरनं तेव्हाच सांगितलं होतं. ही पोर आली, हिनं पथ्यपाणी केलं, म्हणून तो एवढा तरी जगला. आत्या बघतच राहिल्या. मीही बघत राहिले. म्हातारी धडधडीत खोटं बोलत होती, तेही पोटच्या पोराबद्दल, त्याची राख थंड व्हायच्या आत.

त्या संध्याकाळी ती बाहेर नळावर कळशी विसळत होती. मी म्हटलं, आजी, दादाला तर कधी साधी सर्दी नव्हती. तिनं कळशी खाली ठेवली.

“न्हाय व्हती,” ती म्हणाली. “लाकडासारखा व्हता माजा पोर. पण बाय, त्याला आता कोणी काय बोललं तं ऐकू येणार न्हाय. तिला येतंय.”

सासू म्हटलं की लोक नाक मुरडतात. मला ती म्हातारी आठवते. तिच्यासारखं प्रेम मी पुढे कुठे पाहिलं नाही, माझ्या स्वतःच्या सासरी तर नाहीच नाही.

दहाव्याच्या आसपास काका येऊन गेले. मी ऑफिसात होते. मला ते वहिनीनं नंतर सांगितलं. छत्रीवाले एक भले गृहस्थ आले, कंपनीकडून आलोय म्हणाले, फोटोला हात जोडले, कोरा चहा घेतला आणि गप्प बसले. कंपनीनंसुद्धा माणूस पाठवला, म्हणून आजीला भरून आलं. दोघी आत्या मांडीला मांडी लावून तिथेच बसलेल्या. आता दहा दिवस गावाला सांगितलेली गोष्ट त्यांच्यासमोर बदलायची कशी? आजीनं तीच सांगितली. लग्नाआधीपासून, काळीज खराब, डॉक्टरनं सांगितलेलं, सगळं. काकांनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं, अंगठा घेतला. यात त्यांनी फसवलं असंही म्हणता येत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. फसवलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

तो रिपोर्ट माझ्याकडेच टाइपला आला. नाव वाचलं. मी तशीच उठून साहेबांसमोर गेले. म्हटलं, साहेब, हे आमच्या समोर राहणारे. हा माणूस ठणठणीत होता. म्हातारी सुनेला बोल लागू नये म्हणून तसं बोलली आहे, माझ्यासमोर बोलली आहे. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बाई, मुलगा आजारी होता असं आई सांगते. आईपेक्षा मोठा साक्षीदार मी कुठून आणू?” आणि चष्मा घालून पुढची फाइल उघडली. मी जागेवर जाऊन रिपोर्ट टाइप केला. नसता केला तर भागीदारांनी केला असता, दोन बोटांनी का होईना.

कंपनीनं पैसे नाकारले. आणि त्या पैशांवर काय टांगलेलं होतं ते सांगते, कारण कोर्टात ते कोणी सांगितलं नाही. खोली मुकादमाची होती, म्हणजे मालकाची. मुकादम गेला की नव्या मुकादमाला ती द्यायला हवी. मालक मुसलमान, जुन्या घराण्यातला, माणूस सज्जन. विम्याचे पैसे आले की त्याच गल्लीत स्वतःची खोली घ्या, तोवर राहा, असं तो म्हणाला होता. पैसे नाही आले तर वहिनी मुलीला घेऊन मुरबाडकडे भावाच्या घरी, आणि आजी राहनाळला पुतण्याकडे. दोघींना ते नको होतं. वहिनी मला म्हणाली होती, की आई मेली तेव्हा मी लहान होते, आता ही मिळाली आहे, हिला सोडून मी कुठे जाणार नाही. एका खोलीचा प्रश्न होता. दोन बायकांनी एकत्र राहावं की नाही, एवढाच.

वहिनीनं भिवंडीच्या कोर्टात दावा लावला. तारखा पडत राहिल्या. नवा मुकादम कुरकुर करत भाड्यानं राहत होता आणि मालक थांबला होता. वहिनी बिगारी म्हणून लूमसाठी सुताच्या कांड्या भरायला जायला लागली, मुलगी शाळेत जायला लागली. तेवढ्यात ऐंशीचं दशक सरून नव्वद साल आलं. एके दिवशी आजीची साक्ष लागली. त्या दिवशी साहेबांच्या फायली घेऊन कोर्टात मीच होते. दोघी आत्याही आल्या होत्या. वहिनीच्या वकिलानं बोलावल्या असतील, नाहीतर मजा बघायला आल्या असतील.

वहिनीच्या वकिलानं आजीला सगळं सांगायला लावलं. तिनं सांगितलंही. माझा पोर धडधाकट होता. सुतकात मी खोटं बोलले. का बोलले, तर माणसं माझ्या सुनेला पांढऱ्या पायाची म्हणत होती. ती हे भर कोर्टात, आत्यांच्या देखत बोलली आणि बाकावर बसलेल्या वहिनीनं इतक्या वर्षांनी पुन्हा पाय आत ओढले. जो शब्द त्या घरात कुणी मोठ्यानं उच्चारला नव्हता, तो आता कारकुनानं लिहून घेतला. मला वाटलं, झालं. एवढं सोसून म्हातारी खरं बोलली, आता कोणाच्याही काळजाला पाझर फुटेल. वेडी मी.

साहेब उठले. आवाज नेहमीसारखा, आजी-आजी करत. त्यांनी मोजकेच प्रश्न विचारले. सुतकात सांगितलं ते तुम्ही स्वतः सांगितलं ना? हो. कुणी जबरदस्ती केली? नाही. वाचून दाखवल्यावर अंगठा दिला? दिला. मग साहेब जरा पुढे आले.

“म्हणजे तेव्हा तुम्ही सुनेसाठी खोटं बोललात.”

“व्हय.”

“आणि आज? आज कोणासाठी बोलायला आलात?”

आजीनं वहिनीकडे पाहिलं. या प्रश्नात काही गफलत असेल असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. उलट तिचा चेहरा उजळला, की चला, एक तरी सोपा प्रश्न विचारला.

“तिच्यासाठीच तं आलेय,” ती म्हणाली. “दुसरं कोण हाय मना?”

साहेब म्हणाले, एवढंच, आणि खाली बसले.

निकाल तसाच लागला. साक्षीदार सुनेच्या फायद्यासाठी खोटं बोलते हे तिनं स्वतःच मान्य केलं आहे, तेव्हा तिच्या नंतरच्या बोलण्यावर भरवसा ठेवता येत नाही, अशा अर्थाचं काहीतरी त्यात होतं. साहेबांनी पुढे कित्येक नव्या वकिलांना ही केस शिकवली. उलटतपासणी कधी थांबवायची ते कळायला हवं, म्हणायचे. पोरं वहीत लिहून घ्यायची. मी टाइपरायटर पोटानं मागे ढकलायची. लोक विचारतात, मग सोडली का नाही नोकरी? सोडून कुठे जाणार होते? लूमवर? हायवेवर वडप्याला गोडाऊनं उभी राहायला लागली, चोऱ्या वाढल्या, आगी वाढल्या, आमच्या ऑफिसात आणखी एक टेबल आलं. त्या टेबलाचा टाइपही माझ्याकडेच आला.

अपील करायला पैसा नव्हता. मालकानं उन्हाळ्यापर्यंत मुदत दिली, त्याचंही काही चुकलं नाही. सामान टेम्पोत भरताना आजी आणि वहिनी एका पातेल्यावरून भांडत होत्या. मोठं पातेलं ही म्हणे तू ने, ती म्हणे तुम्ही न्या. शेवटी ते आमच्याकडेच राहिलं. अजून आहे. त्यात मी दूध तापवत नाही, का ते मला सांगता येणार नाही. तसंच पडून असतं.

आजी राहनाळला पुतण्याच्या घरी त्यानंतर थोडीच वर्षं जगली. वहिनी सणाला मुलीला घेऊन यायची, एक रात्र राहून जायची. तेवढ्यासाठीसुद्धा भावाची परवानगी लागायची. मी राहनाळला गेले की आजी माझा हात धरून विचारायची, बाय, माजा काय चुकला? मी खरं बोलले तरी का न्हाय ऐकला? विम्याच्या वकिलाकडे आयुष्य घातलेली मी उठून तिची कळशी भरून आणायची.

ती गेल्याचं कळलं तेव्हा मी रजा टाकून गेले. पुतण्याच्या ओटीवर बायका बसल्या होत्या, कोरा चहा फिरत होता. दोघी आत्या तिथेच, आता त्याही म्हाताऱ्या झालेल्या. वहिनी आदल्या रात्री आली होती, भिंतीपाशी बसली होती. या वेळी भिंतीकडे तोंड नव्हतं. शेजारच्या गावची कोणी बाई भेटायला आली आणि रीतीप्रमाणे तिनं विचारलं, काय झालं होतं हो म्हातारीला? थोरल्या आत्यानं लगेच पदर सावरला आणि सुरुवात केली, की दोन वर्षं अंथरुणालाच खिळली होती, खाणं तुटलं होतं...

“न्हाय,” वहिनी म्हणाली. “काय झालं नव्हतं त्यांना. चांगल्या होत्या.”

आलेली बाई गोंधळली. तिला मान हलवायला काहीतरी हवं होतं. मग अशा अचानक कशा गेल्या, असं तिनं विचारलं.

वहिनीनं पाय पदराखालून बाहेर काढले आणि सगळ्यांच्या समोर सरळ पसरून बसली.

“माझ्या पायगुणानं गेल्या,” ती म्हणाली. “आधी नवरा गेला, आता सासू. लिहून घ्या कुणाला घ्यायचं असेल तर.”

आत्यांनी माना खाली घातल्या. मी उठले, बायकांच्या मधून वाट काढत गेले आणि तिच्या शेजारी, तिच्यासारखेच पाय पसरून बसले. चहाचा ट्रे आमच्यापर्यंत आला. तो घेऊन येणाऱ्या मुलीला आमचे पाय ओलांडता येईनात, म्हणून ती तिथेच उभी राहिली.